सभेच्या दिवशी चक्की बंद

"सरपंच साहेब, एक मुद्दा राहिला."

हे वाक्य मी इतक्या सभांमध्ये ऐकलं आहे की अजूनही कुठे आभारप्रदर्शन सुरू झालं की माझे कान मागच्या रांगेकडे लागतात. विषयपत्रिका संपलेली असायची, चहाचे कागदी कप फिरू लागलेले असायचे, मी पेनाला टोपण लावलेलं असायचं, आणि तेवढ्यात मागून तो आवाज यायचा. माईकची गरज नव्हती. आयुष्यभर पिठाच्या चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवून बोललेला माणूस तो. त्यांचं हळू बोलणंसुद्धा शेजारच्या शाळेत ऐकू जायचं.

मी तेव्हा मौद्याच्या रस्त्यावरच्या त्या गावात ग्रामसेविका होते. राहायला नागपुरात, सक्करदऱ्यात, जाणं-येणं स्कूटीवरून. ग्रामसभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझं. त्यामुळे सभा लांबली की गावात सगळ्यात जास्त चरफडणारी बाई मीच. घरी कुकर लावायचा असायचा, पोरीचा गृहपाठ असायचा, आणि इथे काका नाल्याजवळच्या दिव्याचा मुद्दा घेऊन उभे. मी त्यांना काका म्हणत असे. गावही चक्कीवाले काका म्हणत असे, तेव्हा तेच नाव पुरे.

माणसाला कशाचं वेड असेल सांगता येत नाही. कोणाला कुस्तीचं, कोणाला भजनाचं. काकांना सभेचं होतं. एरवी त्यांच्या डोक्यापासून पायापर्यंत पीठ. पण सभेच्या दिवशी सकाळीच चक्कीच्या दारावर खडूने लिहिलेलं असायचं, "आज सभा. चक्की बंद." मग अंघोळ, इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल. मी नवीन होते तेव्हा पहिल्या सभेत त्यांना ओळखलंच नाही. या माणसाच्या भुवया काळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

सभेत ते सगळ्यांना अहो-जाहो करत. सरपंच त्यांच्या मित्राचा मुलगा, तिशीतला, त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. बाहेर त्याला "काय रे बाबू" म्हणणारे काका समाजभवनाचा उंबरठा ओलांडला की "सरपंच साहेब, आपली परवानगी असन तर" असं सुरू करत. सभा संपून बाहेर आले की पुन्हा "काय रे बाबू." मला सुरुवातीला हे नाटक वाटलं. पुढे कळलं की त्यांच्या लेखी आत बसलेला तो मुलगा नव्हताच, ते गाव होतं. गावाला कोण अरेतुरे करतं?

काकू मात्र या वेडाला वैतागलेल्या होत्या. एकदा मी चक्कीवर गेले असताना त्या म्हणाल्या, "साऱ्या गावाचे मुद्दे आठवते यायले. घरातलं मीठ सरलं, तो मुद्दा काहून नाई आठवत?" काकांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, मुद्दा योग्य आहे, पण ऐनवेळचा आहे.

आता गणपूर्तीची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच घडलं. ग्रामसभेला ठरावीक संख्येने माणसं हजर लागतात. आमच्या गावाला साधारण शंभर. तेवढी नसली की सभा तहकूब, म्हणजे पुढे ढकलायची. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. असतील तितक्या माणसांत कारभार उरकता येतो. तुमच्या लक्षात आलंच असेल गावाने यातून काय शिकलं ते. पहिल्या सभेला कोणी जायचंच नाही. ती तहकूब होणारच. ज्याचं काम असेल त्याने दुसऱ्या सभेला जायचं. माझ्या आधीच्या ग्रामसेवकाच्या काळापासून ही रीत चालत आलेली. मीसुद्धा काय करायची, पहिल्या सभेची नोटीस लावतानाच दुसऱ्या सभेची तारीख मनात ठरवून टाकायची. पहिल्या सभेला सरपंच, शिपाई, मी आणि इस्त्रीच्या सदऱ्यातले काका.

काका म्हणायचे, "मॅडम, लग्नाले लोक पहिल्या मुहूर्ताले येतेत. सभेलेच काहून दुसरा मुहूर्त लागते?" आम्ही हसायचो. मीही हसायची.

आणि मग बाजाराचा विषय निघाला.

गावाच्या मधोमध चिंचेची झाडं आहेत. त्यांच्या सावलीत आठवडी बाजार भरतो. मागच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन येतात. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या, अंबाडीची भाजी. जागा ठरलेल्या. कोणाच्या सासूची जागा सुनेकडे, कोणाच्या आईची लेकीकडे. सरपंचांनी प्रस्ताव मांडला की हा बाजार हायवेलगत प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटच्या मोकळ्या मैदानात न्यावा. मुलगा वाईट नव्हता, हे मी ठासून सांगते. पावसाळ्यात चिखल होतो, गाड्या लावायला जागा नाही, नागपूरचे व्यापारी टेम्पो घेऊन आले तर पंचायतीचं उत्पन्न वाढेल, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. पण बायांना पाटी घेऊन हायवेपर्यंत चालत जायचं, तिथे टिप्परांची वर्दळ, आणि पुढच्या जागा आधी टेम्पोवाले धरणार हे उघड होतं. बाया हबकल्या. एकजण पंचायतीत येऊन माझ्यासमोर नुसती उभी राहिली. काय विचारायचं तेच तिला सुचेना.

गंमत अशी की काकांची चक्की हायवेच्याच बाजूला होती. बाजार तिकडे गेला असता तर दळणाला रांगा लागल्या असत्या. सरपंचांनी त्यांना चक्कीवर येऊन हेच विचारलं, तेव्हा मी तिथे होते.

"काका, बाजार तुमच्याच दाराशी येऊन राहिला. मंग तुमचाच विरोध काहून?"

"माह्या दाराशी येईन," काका म्हणाले, "पण म्हाताऱ्यायच्या दारातून जाईन ना बाबू."

काकूंनी हे आतून ऐकलं आणि भांडी जोरात आपटली.

त्यानंतरचे दिवस काकांनी भाषण तयार करण्यात घालवले. चक्कीत धान्य ओतता ओतता बोलायचे, पट्टा सरकवता सरकवता बोलायचे. बायांना ते भाषण पाठ झालं. त्यात बाजार कोणी सुरू केला इथपासून तर चिंचेच्या सावलीला भाडं लागत नाही इथपर्यंत सगळं होतं. मी धसकलेच. नमनालाच घडाभर तेल जाणार, त्या दिवशी घरी पोचायला दिवेलागण होणार, असं मी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं.

पण काकांनी आणखी एक विचार केला होता, जो आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नाही. तहकूब सभेला सरपंचांची मंडळी झुंडीने येणार होती. लेआउटमध्ये प्लॉट घेतलेले, त्यांची पोरं, त्यांच्या मोटारसायकली. सगळ्यांना निरोप गेलेले. आणि तहकूब सभा ज्या वारी असायची त्या वारी या बाजारवाल्या बाया दुसऱ्या गावच्या बाजाराला गेलेल्या असत. म्हणजे मतदानाला त्या नसणारच. यात कोणाचा कावा होता असं मला वाटत नाही, सवयच तशी पडलेली. पण सवयीनेच बाजार जाणार होता.

पहिल्या सभेच्या दिवशी मी सकाळी स्कूटी लावली आणि पाहते तर चक्कीसमोर डब्यांची रांग. स्टीलचे, पत्र्याचे, पिशव्या, पोती. दारावर खडूने नेहमीचं वाक्य, आणि काका सदरा घालून पायरीवर उभे. आठवडाभर त्यांनी प्रत्येक बाईला बजावलं होतं की दळण याच दिवशी सकाळी आणा. आणि आता चक्की बंद.

"दळणाले बोलावलं का सभेले गा?" एका बाईने विचारलं.

"दोन्हीले. आधी सभा. डबे राहू द्या, कोणी नेत नाई."

बाया चिडल्या, मग हसल्या, मग चालू लागल्या. बाजारवाल्या बाया तर आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांच्या मागून नवरे, सासरे, दिवसपाळी नसलेले कामगार. मी नोटीस फलकाजवळ उभी राहून पाहत राहिले. समाजभवनाच्या दारात चपलांचा ढीग झाला! शिपायाने पाच-सहा माणसांपुरता चहा सांगितला होता, तो किटली हातात घेऊन खुळ्यासारखा उभा. मी डोकी मोजली. पुन्हा मोजली. खोटं कशाला बोलू, तिसऱ्यांदाही मोजली. माझ्या नोकरीत पहिल्यांदा पहिल्या सभेची गणपूर्ती झाली होती.

सरपंचांच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळल्याचं दिसलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि खिडकीकडे गेले. उपसरपंचांनीही फोन काढला. पण मंडळी कुठे? कोणी नागपूरला कामावर, कोणी मौद्याला साखरपुड्याला, कोणी शेतात, फोन घरी. सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आज काय, आज तर तहकूब. आता धावपळ करून काहीजण निघाले होते. त्यांना पोचायला वेळ लागणार होता, आणि वेळ काढायचं काम सरपंचांकडे आलं.

त्यांनी ते चोख केलं. मागील सभेचं इतिवृत्त मला सगळंच्या सगळं वाचायला लावलं, एरवी आम्ही "वाचून कायम" म्हणून मोकळे व्हायचो. मग श्रद्धांजली. मग दहावी पास झालेल्या मुलांचं अभिनंदन, ज्यांचं आधीच एकदा झालेलं. मग पाण्याच्या टाकीची माहिती. बाया चुळबुळ करू लागल्या, दळण अडलेलं. बाहेर एखादी मोटारसायकल वाजली की अख्खं भवन दाराकडे वळायचं आणि ती पुढे निघून गेली की शंभर माणसं एकदम श्वास सोडायची. मी सचिव, मला कोणाची बाजू घ्यायची मुभा नाही. पण पदराआड माझी मूठ आवळलेली होती.

शेवटी बाजाराचा विषय आला. सरपंचांनी प्रस्ताव वाचला. आणि मग ते हसले. त्यांना उपाय सापडला होता, आणि तो मागच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसला होता.

"यावर काकांना नक्कीच बोलायचं असेल," ते म्हणाले. "बोला काका. आज वेळेचं बंधन नाही. सविस्तर बोला."

अशी परवानगी काकांना आयुष्यात कधी मिळाली नव्हती. सगळी सभा मागे वळली. काका उभे राहिले. आठवडे अन् आठवडे चक्कीच्या आवाजात घोटलेलं ते भाषण ओठापर्यंत आलेलं मला स्पष्ट दिसलं. बोलले असते तर तासभर थांबले नसते, आणि तासाभरात हायवेवरून सगळ्या गाड्या गावात आल्या असत्या. दूरवर एक फटफटी ऐकूही येत होती. मी मनात म्हणत होते, काका, आज नको, आज मूग गिळा.

काकांनी एकदा बायांकडे पाहिलं. सदऱ्याचं खालचं टोक हातात धरलं.

"मले काई बोलायचं नाई, सरपंच साहेब," ते म्हणाले. "मतदान घ्या."

आणि खाली बसले.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सरपंचसुद्धा गोंधळले. मग त्यांच्यातला भला माणूस जागा झाला म्हणा किंवा दुसरा मार्गच उरला नव्हता म्हणा, त्यांनी हात वर करायला सांगितलं. प्रस्तावाच्या बाजूने मूठभर. विरोधात विचारलं आणि बांगड्यांचा असा आवाज झाला की मला आजही तो आठवला की अंगावर काटा येतो. मी मोजत होते, माझं मोजणं चुकत होतं, मी पुन्हा मोजत होते. प्रस्ताव नामंजूर. सरपंचांनी स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं, आवाज जरा बसला होता, पण नीट जाहीर केलं.

मोटारसायकली आल्या तेव्हा बाया चपला शोधत होत्या. पोरं घामाघूम, कोणाच्या अंगावर साखरपुड्याचे कपडे. एकाने मला विचारलं, "मॅडम, सभा तहकूब झाली ना?" मी म्हटलं, झाली, संपली. त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही मी काय म्हणाले ते.

बाया काकांना ओढतच चक्कीवर घेऊन गेल्या. दळण हवं होतं ना! संध्याकाळपर्यंत चक्की थांबली नाही. इस्त्रीचा सदरा पिठाने माखला आणि काकू, ज्यांनी भांडी आपटली होती, त्या प्रत्येक बाईला तीच गोष्ट नव्याने सांगत होत्या. फक्त काका गप्प होते. जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर असते ती टवटवी नव्हती. मला वाटलं, दमले असतील.

संध्याकाळी इतिवृत्तावर सही घ्यायला मी सरपंचांच्या घरी गेले. अंगणात खाटेवर सरपंच बसलेले, तोंड उतरलेलं. थोड्या वेळाने फाटकातून काका आले, भुवयांवर पीठ तसंच. सरपंच उठायला लागले तर काकांनी त्यांना हाताने बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून बसले.

"तुले हारवलं, बाबू," ते म्हणाले. "पटवलं नाई."

सरपंच म्हणाले, आता त्याचं काय, झालं ते झालं.

"हारलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा उठते. मले तुले उठवायचं नाई, संगं बसवायचं हाय. भाषण बाकी हाय माह्यं. आयकतं का?"

आणि मग त्या अंगणात, एका सरपंचासमोर आणि एका ग्रामसेविकेसमोर, काकांनी ते भाषण केलं. उभं राहून. सगळंच्या सगळं. शेजारचे लोक भिंतीवरून बघायला लागले, सरपंचांची आई चहा घेऊन दारात थबकली. घरच्या अंगणात असूनही काका त्याला "सरपंच साहेब, तुमी" म्हणत होते. कोणती म्हातारी कुठे बसते, तिचे गुडघे कसे आहेत, तिचं गिऱ्हाईक कोण, टेम्पोवाल्याच्या शेजारी बसली तर ती दिवसभरात काय विकेल, एकेक. सरपंचांनी मध्येमध्ये वाद घातला. चिखलाचं काय? काकांनी मान्य केलं की चिखल होतो, मुरूम टाकावा लागेल. गाड्यांचं काय? शाळेमागची जागा सुचवली. अंधार पडला तरी चाललं होतं. मला घरी उशीर झाला आणि त्या एका दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी सरपंच म्हणाले, अर्धं पटलं. काका म्हणाले, मग उरलेल्या अर्ध्यासाठी उद्या येतो. आणि खरंच गेले. किती संध्याकाळी गेले मला माहीत नाही, पण पुढे बाजाराच्या जागेवर मुरूम पडला हे मी पाहिलं.

माझी बदली झाली. दुसरं गाव, दुसऱ्या सभा, तिथेही तोच दुसरा मुहूर्त. मी तिथे काकांची गोष्ट सांगायची आणि लोक हसायचे.

मागच्या थंडीत शिपायाचा फोन आला. काका गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. मी तशीच स्कूटी काढली. गावात पोचले तर दारासमोर गर्दी, आणि त्या गर्दीत एक कुजबुज मला नको असताना ऐकू आली. पुढच्या सभेत बाजाराचा विषय पुन्हा येणार. लेआउटवाला कालच पंचायतीत बसला होता. आता अडवणारं कोण आहे? मला रडू येत होतं त्यात राग मिसळला. माणूस अजून अंगणात होता.

त्या दिवशी बाजाराचा वार होता. मसणवटीची वाट बाजारातूनच जाते. अंत्ययात्रा चिंचांखाली आली तेव्हा बाया भराभर पाट्या उचलू लागल्या, वाट मोकळी करायला. मिरच्या पोत्यात भरू लागल्या, वांगी ओच्यात. पुढच्या खांद्यावर सरपंच होते. ते थांबले, त्यामुळे सगळेच थांबले. म्हणाले, विसावा इथे घ्यायचा. कोणीतरी म्हणालं, विसाव्याची जागा तर पुढे नाल्याजवळ आहे. सरपंचांनी तिरडी हळूच चिंचेखाली टेकवली.

मग ते एका म्हातारीकडे वळले. ती घाईघाईने आपली पाटी डोक्यावर चढवत होती. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"पाटी उचलू नको वं, मावशी," ते म्हणाले. रडत होते, पण आवाज सगळ्या बाजाराला ऐकू गेला. "बसून राय. जागा तुहीच हाय. म्या काकायले शब्द देल्ला हाय."

म्हातारी बसली. मग एकेक करून बाकीच्याही बसल्या, आपापल्या जागेवर, आणि तशाच बसल्या बसल्या त्यांनी हात जोडले.